माईंनी न घेतलेलं नाव

"हेमचंद्राला तीन गोष्टी निसर्गानेच दिल्या आहेत," हेमचंद्र कर्णिक येरझारा घालत सांगत होते. "गरुडाची नजर, मुंगसाची चपळाई आणि... तिसरं काय लिहिलंस?"

"हत्तीची स्मरणशक्ती," अनुया म्हणाली.

"तीच. ती हेमचंद्राच्या लक्षातून गेली होती."

अनुया त्यांची सून. सासऱ्यांचं आत्मचरित्र लॅपटॉपवर उतरवून घेण्याचं काम तिने मागितलेलं नव्हतं. पण सहा महिन्यांपूर्वी हेमचंद्रांनी कार्डं छापून आणली, 'हेमचंद्र कर्णिक, खासगी गुप्तहेर, बदलापूर गाव, अंबरनाथ व उल्हासनगर (सर्व कॅम्प)', आणि खाली बारीक अक्षरात 'सहाय्यक : सौ. अनुया' असं होतं. आपण सहाय्यक आहोत हे अनुयाला कार्ड वाचूनच कळलं. तोवर पाचशे छापून झाली होती.

हेमचंद्र अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. डब्यांची झाकणं नीट बसली आहेत की नाहीत, हे त्यांनी तिथे एकतीस वर्षं तपासलं. इतकी वर्षं झाकणांकडे बघितल्यावर माणसाला एकतर कंटाळा येतो, नाहीतर संशय. हेमचंद्रांना संशय आला, आणि तो निवृत्तीनंतरही गेला नाही. कुकरच्या हरवलेल्या शिट्टीच्या प्रकरणात त्यांनी गल्लीतल्या चौघांच्या जबान्या घेतल्या होत्या. शिट्टी माईंना कुकरच्याच आत सापडली. गच्चीवरचे पापड नाहीसे झाले तेव्हा त्यांनी शेजारच्या अभिजीतकडून लेखी कबुली मिळवली. दुसऱ्या दिवशी उरलेले पापड कावळ्याने सर्वांसमक्ष नेले. तरी कबुली फाइलला आहेच.

त्यांचं आणखी एक वैशिष्ट्य होतं. स्वतःविषयी बोलताना ते 'मी' क्वचितच म्हणत. 'हेमचंद्राला भूक लागली आहे', 'हेमचंद्राचा पंचा कुठे गेला', असं दिवसभर चालायचं. अख्ख्या घरात ते नाव घेणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे ते स्वतः. मुलगा सोहम आणि अनुया त्यांना बाबा म्हणत, चार वर्षांची नात सई आबा म्हणे, गल्ली कर्णिकसाहेब म्हणे, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे माई, 'अहो' म्हणत.

"पुढे लिही," हेमचंद्र म्हणाले.

"बाबा, आत्मचरित्र राहू दे. नेट जोडायचंय. अकरा वाजले."

आज अनुयाला खरोखरच गंमत सुचत नव्हती. तिचं ऑफिस ऐरोलीला. सकाळी सातला घर सोडायचं, रात्री नऊला परत. तोवर सई झोपलेली. मागच्या महिन्यात बालवाडीत 'माझी आई' या विषयावर बोलायला सांगितलं, तर सईने सांगितलं, "माझी आई रविवारी असते." बाई हसल्या, बाकीच्या आया हसल्या, अनुयाही हसली आणि रिक्षात बसल्यावर रडली. मग तिने ऑफिसात शब्द टाकला. मॅनेजर अखेर तयार झाला : आठवड्यातले चार दिवस घरून काम कर, पण आज चार वाजता घरून, लॅपटॉपवरून मीटिंगला ये, नेट नीट चालतं हे दाखव. मोबाईलचं हॉटस्पॉट चालणार नाही, हे त्याने ठळक अक्षरात लिहिलं होतं. तसंही त्यांच्या घराच्या जाड भिंतींत मोबाईलला जेमतेम एक दांडी मिळायची.

म्हणून काल उल्हासनगरच्या भूपेश या सिंधी नेटवाल्याकडून घरी वायफाय बसवून घेतलं. बसवताना घरात एकट्या माई होत्या. अनुया ऑफिसात, सोहम कंपनीच्या कामाने दूर चेन्नईला, आणि हेमचंद्र देवळाबाहेरच्या चपलांवर पाळत ठेवायला गेले होते. अनुया रात्री आली तेव्हा माई झोपल्या होत्या, आणि आज भल्या सकाळी, अनुया उठायच्या आत, माई सईला घेऊन अंबरनाथला बहिणीकडे गेल्या. बहिणीच्या सुनेचं, राजसीचं, डोहाळजेवण होतं.

भिंतीवर राऊटर बसला होता. त्याचे चारही दिवे हिरवेगार लुकलुकत होते. लॅपटॉपला ते नेट दिसत होतं. फक्त तो एकच प्रश्न विचारत होता : पासवर्ड?

अनुयाने माईंना फोन लावला. माईंचा फोन साधा, बटणांचा. मागे बायकांचा कलकलाट चालू होता.

"माई, वायफायचा पासवर्ड काय ठेवलाय?"

"अगं बाई! तो होय." माई थांबल्या. "माहितीये गं मला. पण सांगता नाही येत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! इथे सगळ्या आहेत. आणि नसत्या तरी..." फोनमधून खुदकन हसल्याचा आवाज आला. "इश्श! काहीतरीच तुझं."

"मग मेसेज तरी करा."

"भूपेशने बजावलंय, कुठे लिहायचा नाही. आणि या फोनवर एक अक्षर काढायला एक बटण तीनदा दाबावं लागतं गं. चष्माही घरीच राहिलाय. तू शोध ना, घरातलंच तर आहे. थांब हं, ओटी भरायला बोलावतायत." आणि फोन बंद झाला.

हेमचंद्र कान टवकारून ऐकत होते. त्यांनी खिशातून भिंग काढलं. हे भिंग पूर्वी पोस्टाची तिकिटं बघायला असायचं.

"घरातलंच आहे," ते म्हणाले. "हिला लाज वाटते, आणि घरातलंच आहे. अनुया, ही केस सुरू व्हायच्या आधीच संपली. सरक."

त्यांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर दाबत, HEMCHANDRA असं टाइप केलं आणि ऐटीत शेवटचं बटण दाबलं.

लॅपटॉप म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे.

"यंत्राची चूक," म्हणून हेमचंद्रांनी ते बारीक लिपीत टाकलं. मग पुढे जन्मसाल जोडलं, लग्नाचं साल जोडलं. मग detectivehemchandra टाकून पाहिलं. लॅपटॉपचं म्हणणं बदललं नाही. एकतीस वर्षं घट्ट बसलेलं हेमचंद्रांच्या चेहऱ्यावरचं झाकण पहिल्यांदाच जरासं सैल झालं.

"वीज माझ्या नावावर," ते हळूच म्हणाले. "भिंत माझ्या नावावर. आणि पासवर्ड..."

"बाबा, सोहमचं टाकून बघू. सईचं बघू." तिने दोन्ही टाकली. नाही. घरातली भांडी, देव्हाऱ्यातले देव, दारातली तुळस, सगळं टाकून झालं. नाहीच.

भूपेशचा फोन लागत नव्हता. "बरंच झालं," हेमचंद्र सावरून म्हणाले, "फोनवर साक्षीदार खोटं बोलतो. समोर गाठला पाहिजे." ते आत गेले आणि काळा चष्मा व माकडटोपी घालून आले. थंडीचे दिवस होते हे एक बरं, नाहीतर रस्त्यावर पोरं मागे लागली असती.

तीन शेअर रिक्षा बदलून दोघं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये पोचले. भूपेशचं दुकान म्हणजे दोन जीन्सच्या कारखान्यांच्या मधली फट. माडीवर शिलाईची मशिनं घरघरत होती आणि दुकानाच्या पायरीवर निळ्या पँटींचे गठ्ठे रचलेले होते. हेमचंद्रांनी गठ्ठ्याआडून डोकं थोडं पुढे काढलं.

"आओ कर्णिक साईं!" आतून भूपेश ओरडला. "सर्दी झाली काय?"

वेषांतर इतक्या लवकर कधीच फुटलं नव्हतं. हेमचंद्रांनी टोपी काढून खिशात कोंबली.

"पासवर्ड सांग," ते म्हणाले. "खरं बोललास तर हेमचंद्र तुला माफीचा साक्षीदार करील."

"साईं, मला कसा ठाऊक असणार?" भूपेशने कानाला हात लावले. "मैंने आंटीला साफ बोला. आंटी, असा वर्ड टाका जो आप कभी मुंह से बोलतच नाही. दुनिया इधर की उधर हो जाए, तोंडातून निघणार नाही. कम से कम आठ अक्षर. और कहीं लिखना मत. आंटी थोडा सोची, मग एकदम हसली. बोली, मिळाला! मेरा मोबाईल हातात घेतला आणि मला बोली, तू तोंड तिकडे कर. मी तोंड तिकडे केला. और क्या करता, साईं?"

"तो बदलता नाही येणार?" अनुयाने विचारलं. "मागे रिसेटचं बटण असतं ना?"

"वो दबाना मत, ताई! पूरा सेटिंग उडेल. फिर मैं घरी आल्याशिवाय चालू नाही होणार. आज मी दुकानात अकेला. सात वाजता शटर पाडतो आणि येतो."

सात वाजता. अनुयाने घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते. चार वाजता नेट नसेल तर सोमवारपासून पुन्हा सातची धावपळ, आणि रविवारची आई.

परतीच्या रिक्षात हेमचंद्र पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसले होते. अनुया मागे, तिच्या मांडीवर शेजारच्या बाईचा जीन्सचा गठ्ठा. अंबरनाथ यायच्या आत हेमचंद्रांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते अख्खे मागे वळले.

"जो शब्द ती कधीच तोंडातून काढत नाही! आणि जो आठवून तिला लाज वाटली, हसू आलं! अनुया, तो अपशब्द आहे!"

"कुठला?"

"तेच तर," म्हणून ते घुटमळले. सुनेसमोर शिवी कशी द्यायची? त्यांनी खिशातून स्वतःची कार्डं काढली, पाठीमागे एकेक शब्द लिहिला आणि कार्डं पालथी करून मागे सरकवली. "हे वाचू नकोस. फक्त अक्षरं मोज. आठ हवीत."

अनुयाने न वाचता मोजायचा प्रयत्न केला. गठ्ठावाली बाई मात्र वाकून सावकाश वाचत होती. "यातली पयली तर साधीच हाय," ती म्हणाली, "आमचा मुकादम रोज देतो."

"काका," ड्रायव्हर रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "मी सांगू का एक? बरोब्बर आठ अक्षरी आहे."

त्याने सांगितली. गठ्ठावालीने कानावर हात ठेवले आणि मग पुन्हा एकदा सांगायला लावली. हेमचंद्रांनी ती कार्डावर टिपून घेतली आणि ड्रायव्हरला दुसरं कोरं कार्ड दिलं, कधी गरज लागली तर म्हणून.

घरी आल्यावर अनुयाने मान दुसरीकडे वळवून, एका डोळ्याने कार्डं बघत, अकरा शिव्या टाइप केल्या. सात वर्षांच्या संसारात सासरी एवढ्या शिव्या तिला कुणी दिल्या नव्हत्या. लॅपटॉपने सगळ्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि दरवेळी, पासवर्ड चुकीचा आहे, एवढंच म्हटलं. असं सोशीक यंत्र घरात हवंच, असं तिला वाटून गेलं.

"हेमचंद्राला वाटलंच होतं," ते म्हणाले. "ही दिशाभूल होती. आता खरी दिशा. ही कुणालाही कधीच सांगत नाही, अशी घरातली गोष्ट कोणती?"

"गोडा मसाला!" अनुया न राहवून म्हणाली. ते खरंच होतं. माईंच्या मसाल्यात काय पडतं ते सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नव्हतं. दोघं स्वयंपाकघरात शिरली. हेमचंद्रांनी मसाल्याची बरणी उघडून भिंगातून पाहिलं, मग नाक आत घातलं, आणि पुढची पाच मिनिटं केस शिंकांमुळे तहकूब राहिली. dagadphool झालं, nagkeshar झालं, shahajire झालं. तीळ आठ अक्षरांत बसेना, म्हणून पांढरे तीळ केले. लॅपटॉपला मसाल्याचं वावडं होतं.

तीन वाजले. अनुया पलंगावर टेकली. हेमचंद्र खिडकीशी पाठमोरे उभे होते. त्यांनी भिंग खिशात परत ठेवून दिलं, आणि हे इतकं नवलाचं होतं की तिने मान वर करून पाहिलं.

"सहाय्यक," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता जे सांगतो ते आत्मचरित्रात घेऊ नकोस. तिने शब्द नाही, नाव ठेवलंय. माणसाचं."

"कुणाचं?"

"हेमचंद्राचं नाही. ते आपण पाहिलं." त्यांनी एक बोट वर केलं. "पुरावे ऐक. महिन्यातून एकदा, नेमाने, ही बाई दिवसभर उपाशी राहते. अंधार पडला की नवी साडी नेसून गच्चीत जाते. वर बघत उभी राहते. आणि खाली येऊन मला, तिच्या नवऱ्याला, विचारते, 'अहो, तो आला का?' तो! नाव नाही. कधीच नाही. नुसतं 'तो'. आणि तो दिसल्याशिवाय घास घेत नाही!"

अनुयाला सगळं कळत होतं आणि तरी हसावं की रडावं ते कळेना. "बाबा, ती संकष्टी असते."

"दिवस तिने हुशारीने निवडलाय, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आणि आज ती कुठे गेली? अंबरनाथला. माझ्याआधी तिला बघायला कोण आलं होतं? अंबरनाथचं स्थळ! काडेपेटीच्या कारखान्यात अधिकारी. चष्मेवाला. त्याचं नाव मात्र..." गरुडाची नजर पाणावली होती. "हत्तीची स्मरणशक्ती असून आठवत नाही, बघ."

ते मोडक्या स्टुलावर बसले. त्यांच्या खोट्या केसेस अनुयाने शंभर पाहिल्या होत्या, पण ही त्यांना खरी वाटत होती, आणि त्यामुळे तिला वाईट वाटलं. घड्याळात तीन वीस झाले होते आणि त्याचंही वाईट वाटत होतं.

तेवढ्यात दारात हाक आली. "वालाच्या शेंगा घेतंस का गो अनुयाबाय?"

ती जवळच्या चामटोली गावची ठमाबाई. आठवड्यातून दोनदा शेतातली भाजी टोपलीत घेऊन यायची, ओट्यावर बसायची, चहा प्यायची, आणि मगच भाव सांगायची. तिने टोपली उतरवली आणि दोघांची तोंडं पाहिली.

"काय झायला? कनी गेला का काय?"

"कुणी नाही गेलं हो," अनुया म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. मीटिंग, सई, भूपेश, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. "माईंनी असा शब्द ठेवलाय जो त्या कधीच तोंडातून काढत नाहीत. मेल्या जगात असा कुठला शब्द असतो?"

ठमाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग हेमचंद्रांकडे, आणि मग ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की टोपलीतल्या दोन शेंगा खाली पडल्या.

"आगो बाय माझे! मालकाचा नाव हाय तो! बाईमानूस दुसरा काय बोलत नाय तोंडानी?"

अनुयाने खाली पडलेल्या शेंगा उचलून टोपलीत टाकल्या.

अनुयाच्या डोक्यात सात वर्षं सरसर मागे गेली. अहो. हे. सईचे आबा. 'तुझे सासरे'. तिने माईंच्या तोंडून ते नाव खरंच एकदाही ऐकलं नव्हतं. ती स्वतः सोहमला 'ए सोहम' म्हणून हाका मारायची, त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि ठमाबाई तर या विषयातली जाणकार. तिच्या नवऱ्याचं नाव जनू, हे गल्लीला ठाऊक होतं ते रेशनच्या दुकानामुळे. तिथे नाव विचारलं की ही शेजारच्या बाईला कोपर मारायची, 'तू सांग गो.' जनू नाव, म्हणून ती जानेवारीसुद्धा म्हणत नसे. संक्रांतीचा महिना म्हणायची.

"बाबा!" अनुया ताडकन उठली. "संकष्टी! तो म्हणजे चंद्र! त्या चंद्र म्हणत नाहीत, कारण तुमच्या नावात चंद्र आहे!"

हेमचंद्र स्टुलावरून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. "नाही," ते म्हणाले, "माझं नाव टाकून पाहिलं. बारीक, मोठं, सालासकट. हेमचंद्र नाही."

"लावा फोन तिला," ठमाबाई चहा न पिताच म्हणाली. "तिच्याच तोंडातून काढाया पायजे. आनि साधा इचारू नको. साधा इचारल्यावर कनची बाय सांगल? उखाना घ्याया सांग."

अनुयाने फोन लावून स्पीकर चालू केला. तीन अडतीस.

"माई, कळलं मला कोणाचं नाव आहे. पण नक्की कसं लिहिलंय ते कळत नाही. उखाणा घ्या."

"आत्ता? फोनवर?" माई कुजबुजल्या. "अगं, सगळ्या ऐकतायत. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. आता काय शोभतं का?"

"माई, चारला मीटिंग आहे. नेट लागलं नाही तर मी पुन्हा रविवारचीच आई."

पलीकडे माईंनी फोन जरा दूर धरला. मग माई कुणाला तरी हळूच काहीतरी म्हणाल्या, आणि अंबरनाथच्या त्या घरात एकच गिल्ला झाला. "नाव घ्या! शीलामावशी, नाव घ्या!" राजसीचा आवाज सगळ्यांत वरचा होता. सई मधेच ओरडली, "आजी, घे ना, मग आपण जेवू!" इकडे ठमाबाई फोनवर ओणवी झाली होती आणि हेमचंद्र कधी स्टुलावरून उठून फोनजवळ आले ते कुणी पाहिलं नाही.

माईंनी घसा साफ केला. आणि शाळेत कविता म्हणतात तशा सुरात म्हणाल्या :

"भिंतीवर राऊटर, राऊटरला चार दिवे,
हेमचंद्ररावांचं नाव घेते, अनुयाला नेट हवे!"

टाळ्या, हशा, आणि कुणाच्या तरी हातून पडलेल्या ताटाचा आवाज. पण अनुयाला त्यातलं एकच ऐकू आलं होतं. राव! नवऱ्याचं नाव घ्यायचं तर बाई मान देऊनच घेणार. हेमचंद्र फक्त हेमचंद्रच म्हणत; 'राव' त्यांच्या स्वतःच्याही डोक्यात आला नसता. तिने टाइप केलं : hemchandrarao.

लॅपटॉपने थोडा विचार केला. मग त्याच्या कोपऱ्यातला छोटा पंखा भरला आणि सकाळपासूनच्या साठलेल्या सगळ्या मेल एकदम धडाधडा येऊन पडू लागल्या. तीन सत्तेचाळीस.

"झालं! माई, झालं!" अनुया ओरडली. ठमाबाईने तिची अलाबला घेतली आणि कडाकडा बोटं मोडली.

"फोन ठेवू नकोस," हेमचंद्र म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळाच येत होता. "तिला पुन्हा एकदा घ्यायला सांग. हेमचंद्राला... मला नीट ऐकू आलं नाही."

"अहो, तुम्ही ऐकत होतात?" फोनमधून माई किंचाळल्या आणि फोन बंद झाला.

चारची मीटिंग झाली. मॅनेजरचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आवाज अडकत नव्हता. मधे एकदा ठमाबाई मागून शेंगांचा भाव सांगत गेली, तेवढं सोडलं तर आक्षेपार्ह काही घडलं नाही. सोमवारपासून चार दिवस घरून, असं त्याने सांगितलं. संध्याकाळी सई आली तेव्हा अनुयाने तिला उचलून घेऊन विचारलं, "सोमवारी कोण असतं घरी?" सईने नीट विचार करून सांगितलं, "आबा." अनुया म्हणाली, "आणि आई." सईने भिंतीवरच्या हिरव्या दिव्यांकडे बोट दाखवून विचारलं, "हे लागले म्हणून?" अनुया हो म्हणाली आणि तिने लेकीचा गाल इतका घट्ट दाबून धरला की सईच ओरडली.

हेमचंद्र मात्र त्या रात्री आत्मचरित्राला बसले नाहीत. माई ताटं घेत होत्या आणि ते उगीच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून भिंग पुसत होते. "अंबरनाथला कोण कोण होतं?" त्यांनी शेवटी विचारलं. माई म्हणाल्या, "बायका." ते म्हणाले, "छान."

पण पासवर्ड एवढ्या जोरात फुटला होता की तो आता गुपित उरला नव्हता. डोहाळजेवणाच्या बायका, ठमाबाई, आणि भिंतीला कान लावून बसलेला शेजारचा अभिजीत. दोन दिवसांत अख्खी गल्ली कर्णिकांच्या ओट्यावर टेकून मोबाईल बघू लागली. तिसऱ्या दिवशी नेट गोगलगाईसारखं सरपटायला लागलं. रविवारी भूपेशला पुन्हा बोलावलं.

"नवीन वर्ड टाका," त्याने मोबाईल पुढे केला. "वही, साईं. जो आप कभी मुंह से नहीं बोलते. आणि या वेळी उखाणा नको."

"दे इकडे," हेमचंद्र म्हणाले. "तोंड तिकडे कर."

भूपेशने तोंड तिकडे केलं. हेमचंद्रांनी दोन बोटांनी बराच वेळ काहीतरी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. भूपेश चहा पिऊन गेला. अनुया लॅपटॉप घेऊन आली.

"बाबा, पासवर्ड?"

हेमचंद्रांनी छताकडे बघितलं. मग राऊटरकडे. मग कान लाल झाले.

"ते मला सांगता येत नाही."

अनुयाने लॅपटॉप मांडीवर ठेवला. आता ही केस कशी सोडवायची हे तिला माहीत होतं. या घरात अडतीस वर्षं 'अगं', 'ऐकलंस का' आणि 'ए' एवढ्यावरच कारभार चालला होता. सासऱ्यांच्या तोंडून तिने तरी दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "उखाणा घ्या."

"पुरुष..."

"पुरुषही घेतात. सोहमने घेतला होता."

हेमचंद्रांनी दाराकडे बघितलं. आत माई पुऱ्या तळत होत्या. त्यांनी घसा खाकरला, माकडटोपी नव्हती तरी ती ठीक केल्यासारखं केलं, आणि खाली बघत म्हणाले :

"कुलपाला असते किल्ली, डब्याला असतं झाकण,
शीलाचं नाव घेतो, नेटला तिचीच राखण."

आतला झाऱ्याचा आवाज थांबला.

अनुयाने sheela टाकलं. लॅपटॉप अडून बसला.

"बाबा, ही सहाच अक्षरं झाली. आठ लागतात."

"ठाऊक आहे," हेमचंद्र म्हणाले आणि त्यांनी स्वतःच तोंड तिकडे केलं. "दोनदा टाक."